शंभरातली एक मुंगी

आमच्या घरात एका वेळी तीन-तीन टीव्ही असायचे आणि त्यांतला एकही आमचा नसायचा. कल्याणजवळ मोहन्याला, कारखान्याच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला लोखंडी कॉट, दुसऱ्या भिंतीला बाबांचं टेबल, आणि टेबलावर, टेबलाखाली, कधी कधी कॉटच्या पायथ्याशीसुद्धा लोकांचे बिघडलेले सेट. लाकडी पेटीचे, पुढून सरकतं शटर असलेले, चार पायांवर उभे राहणारे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. बाबा कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. टाक्यांमधलं तापमान, नळ्यांमधला दाब मोजणारी उपकरणं खरं बोलतात की खोटं, हे तपासायचं काम. आठवीपर्यंत शाळा आणि मग आयटीआय, एवढंच त्यांचं शिक्षण. टीव्हीची दुरुस्ती ते आपली आपणच शिकले होते, सेट उघडून तासन् तास नुसतं बघत बसून. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की हातपाय धुऊन, चहा घेऊन टेबलाशी बसायचे. सोल्डरिंगच्या राळेचा धूर खोलीभर व्हायचा. आमच्या भाकरीलाही तो वास यायचा, पण तो वास आहे हे मला कळलं ते लग्न होऊन दुसऱ्या घरी गेल्यावर, जेव्हा तो यायचा बंद झाला.

सेट दुरुस्त होत आला की आधी चित्र यायचं नाही, मुंग्या यायच्या. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची पडदाभर पळापळ आणि सोबत एकसारखी खरखर. आत स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "अहो, त्या मुंग्या बंद करा आधी, डोकं उठलं." बाबा आवाज कमी करायचे, पण मुंग्या चालू ठेवायचे. मुंग्या आल्या म्हणजे सेट जिवंत आहे, असं ते म्हणायचे. आज माझ्या नातवाला मुंग्या म्हणजे काय ते सांगून कळत नाही. केबल सुटली तर त्याच्या टीव्हीवर निळा पडदा येतो आणि इंग्रजीत एक ओळ. मी त्याला तोंडाने खर्रर्र असा आवाज करून दाखवला, तर तो म्हणाला, आजी, हे तर कुकरसारखं वाटतंय.

आई नगरपालिकेच्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या खोलीत आया होती. गोरीपान नाही, उंच नाही, आवाज मोठा नाही, पण ती खोलीत आली की माणसं सरळ बसायची. तिच्या बोलण्यात उगाच शब्द नसायचे. घरी आली की साडी बदलून पहिल्यांदा चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर तवा टाकायची. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वाटाण्याची उसळ, आणि रविवारी तळलेल्या तांदळाच्या पापड्या. पापड्या ती उन्हाळ्यात आमच्या नाशिककडच्या गावी जाऊन घालायची आणि डब्यात भरून आणायची. कारखान्याच्या भोंग्यावर आमचं सगळं घर चालायचं. सकाळच्या भोंग्याला बाबा निघायचे, दुपारच्या भोंग्याला मी शाळेतून यायचे, संध्याकाळच्या भोंग्याला आई उसळीला फोडणी द्यायची.

नववीत भूमितीच्या तासाला सरांनी फळ्यावर एक रेषा काढली आणि तिच्या दोन्ही टोकांना बाण काढले. म्हणाले, ही रेषा दोन्ही बाजूंना अशीच जात राहते. मी विचारलं, कुठपर्यंत? ते म्हणाले, कुठपर्यंतही. वर्ग पुढच्या गणिताकडे गेला. मी गेले नाही. ती रेषा मनातल्या मनात मी फळ्यावरून भिंतीतून बाहेर काढली, उल्हास नदीवरून नेली, टिटवाळ्याच्या टेकडीवरून वर आभाळात नेली, आणि ती थांबेना. थांबली असती तर पलीकडे काय, आणि थांबत नसेल तर ती जाते कुठे. मला एकाएकी इतकी भीती वाटली की दोन दिवस जेवण गेलं नाही. आईला वाटलं पोट बिघडलं. तिने ओव्याचं पाणी दिलं.

तिसऱ्या दिवशी मी बाबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. त्यांच्या हातात सोल्डरिंगची तापलेली सळई होती.

"बाबा, आभाळ कुठे संपतं?"

त्यांनी सळई स्टँडवर ठेवली. हे मला नेहमी आठवतं, की उत्तर देण्याआधी त्यांनी हातातलं काम ठेवलं. मग म्हणाले, "माहीत नाही."

मी तोवर कोणा मोठ्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द असे ऐकले नव्हते. शाळेत सर चिडायचे, नाहीतर पुढे कळेल म्हणायचे. बाबांच्या 'माहीत नाही'मध्ये चीडही नव्हती आणि लाजही नव्हती. एखाद्या उपकरणाचा काटा जिथे आहे तिथे आहे, तसं ते होतं. मग त्यांनी स्टूल ओढून मला बसवलं आणि म्हणाले, "पण तुला कशी भीती वाटली ते सांग." मी रेषेचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटतं माझं शिक्षण त्या स्टुलावर सुरू झालं.

भीती हळूहळू गेली आणि प्रश्न उरला. विश्वाला शेवट आहे का, आणि सुरुवात होती का. पुढची तीन वर्षं मी मिळेल ते वाचलं, कल्याणच्या वाचनालयातली विज्ञानाची दोन कपाटं संपवली. अकरावी-बारावी सायन्सला होते. बारावीची परीक्षा दिली आणि निकालाची वाट बघायच्या दिवसांत हा प्रश्न माझ्या एकटीचा राहिला नाही.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी वंदना असायची. ती सोनावणे गुरुजी घ्यायचे. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, पांढरं धोतर, चष्म्याच्या काडीला दोरा. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मोहन्यात नव्हता आणि मीही बोलणार नाही. विहाराच्या ओट्यावर बसवून त्यांनी वस्तीतली किती मुलं मॅट्रिक केली असतील. वंदनेनंतर ते थोडं समजावून सांगायचे आणि मग म्हणायचे, कोणाला काही विचारायचंय? बहुतेक वेळा कोणी विचारायचं नाही. त्या रविवारी मी विचारलं.

"गुरुजी, बुद्धांनी विश्वाबद्दल काय सांगितलंय? ते अनंत आहे की नाही?"

गुरुजी हसले. म्हणाले, "हाच प्रश्न त्यांना त्यांच्या एका शिष्याने विचारला होता. विश्वाला अंत आहे की नाही, ते कायमचं आहे की नाही. तथागत गप्प बसले."

"का?"

"कारण उत्तर मिळून कोणाचं दुःख कमी होत नाही. पोटात कळ आलेल्या माणसाने आधी पोटाचं बघावं, आभाळाचं क्षेत्रफळ मोजत बसू नये. कळलं का, सुजाता?"

लोक हसले. मीही हसले, पण कान तापले होते. वंदना संपल्यावर गुरुजी आईजवळ आले. मी चपला घालत होते, मला ऐकू येत होतं. "ताई, मुलगी हुशार आहे. पण मन फार लांब भटकतंय. मी डी.एड.चा फॉर्म आणून ठेवलाय. दोन वर्षांत मास्तरीण होईल, पायावर उभी राहील. मग आभाळ बघू दे." आई म्हणाली, "तुम्ही म्हणता ते खरं आहे, गुरुजी. भरून टाका."

आम्ही तिघं घरी आलो. आईने कुलूप काढलं, आत जाऊन तांदळाचं पीठ परातीत घेतलं, आणि पाठ तशीच ठेवून म्हणाली, "विश्वाचं काय व्हायचं ते होईल, सुजा. तुझं काय होणार ते मला बघायचंय." तिचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. दवाखान्यात ती रोज अशा मुली बघायची, माझ्या वयाच्या, ज्यांचं काय होणार ते कोणी बघितलं नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. ते सेटची मागची फळी खोलत होते. एवढंच म्हणाले, "गुरुजींचं बरोबर आहे." मला रडू आलं. मग थोड्या वेळाने, स्क्रू बशीत ठेवत, "पण तुझा प्रश्न चुकीचा आहे असं काही त्यांनी म्हटलं नाही."

पुढच्या आठवड्यात बाबांनी खिशातून वर्तमानपत्राचा एक कपटा काढून माझ्या हातात ठेवला. पत्रा कापायच्या कात्रीने कापलेला, कडा करकरीत. ठाण्यात खोपटजवळच्या एका शाळेच्या सभागृहात रविवारी संध्याकाळी व्याख्यान, विषय 'विश्व अनंत आहे का?' बाबांनी कधी कुठलं व्याख्यान ऐकलं असेल तर ते कामगारांच्या सभेतलं. तरी त्यांनी लग्नातला शर्ट इस्त्री करून घेतला. कल्याणहून एसटीने आम्ही खोपट डेपोला उतरलो, विचारत विचारत शाळा गाठली, आणि बाबा थेट दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. मला मागे बसायचं होतं. ते म्हणाले, "काम करणाऱ्याचे हात जवळून बघावेत."

व्याख्यान द्यायला एक बाई आल्या. मी पुरुषाची वाट बघत होते, हे आता लिहिताना मला लाज वाटते. पन्नाशीच्या, साधी निळी सुती साडी, हातात खडूचा एक तुकडा, बाकी काही नाही. मुंबईच्या एका संस्थेत संशोधन करायच्या. दीड तास त्या बोलल्या आणि एकदाही आम्हाला आम्ही अडाणी आहोत असं वाटलं नाही. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची अफाट वसाहत, आणि अशा असंख्य वसाहती एकमेकींपासून दूर जातायत. दूर जातायत म्हणजे कधीतरी जवळ होत्या. फार फार पूर्वी सगळं विश्व अतिशय दाट आणि अतिशय तापलेलं होतं. आणि त्या वेळची ऊब अजून विझलेली नाही, ती थंड होत होत आकाशात सगळीकडे भरून राहिली आहे. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी टीव्ही असेल. ज्या चॅनेलवर काही लागत नाही तिथे मुंग्या येतात ना? त्या शंभर मुंग्यांतली एखादी मुंगी त्या सुरुवातीच्या काळातून येते."

माझ्या शेजारी बाबा एकदम ताठ झाले. प्रश्नांची वेळ आली तेव्हा पहिला हात त्यांचा वर गेला. मला वाटलं जमीन दुभंगावी.

"मॅडम, मी टीव्ही दुरुस्त करतो. अँटेना काढली तरी मुंग्या येतात. तारेचं तोंड बंद केलं तरी येतात. त्या सेटच्याच पोटातून येतात, आतले भाग गरम होतात म्हणून. मग त्यांतली एखादी आकाशातली आहे हे कोणी आणि कसं ओळखलं?"

'तारेचं तोंड' म्हटल्यावर मागच्या रांगेतली कॉलेजची मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. हसणं थांबेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "दीड तासात विचारायला हवा होता असा हा एकच प्रश्न होता. बरं झालं विचारलात." फळ्याकडे गेल्या, पण काही लिहिलं नाही, परत वळल्या. "सगळ्या मुंग्या सारख्याच दिसतात, वेगळ्या करता येत नाहीत, हे तुमचं अगदी खरं. हे ज्यांनी शोधलं त्यांनाही तीच अडचण होती. त्यांची अँटेना मोठी होती, पण खरखर होतीच. म्हणून त्यांनी एक प्रचंड थंड वस्तू जवळ ठेवली. तिची खरखर किती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यंत्र एकदा त्या वस्तूला जोडायचं, एकदा आकाशाला, आणि दोन्हींची तुलना करायची. यंत्राची स्वतःची खरखर दोन्ही वेळा तेवढीच, ती वजा होते. सगळं वजा करूनही थोडी खरखर उरली. त्यांनी अँटेना पुसली, जोड तपासले. गेली नाही. अँटेना कुठेही वळवली तरी तेवढीच."

"म्हणजे बर्फाच्या फ्लास्कसारखं," बाबा म्हणाले.

"म्हणजे कसं?"

"कारखान्यात आम्ही तापमान मोजायच्या तारा तपासतो. एक टोक वितळत्या बर्फात ठेवतो. बर्फाचं तापमान ठरलेलं, ते खोटं बोलत नाही. मग दुसरं टोक किती चुकतंय ते कळतं."

बाईंनी खडू टेबलावर ठेवला. "अगदी तेच," त्या म्हणाल्या. "फक्त त्यांचा बर्फ तुमच्या बर्फापेक्षा खूप थंड होता." आणि मग सगळ्या सभागृहाला त्यांनी तीच गोष्ट पुन्हा एकदा सांगितली, या वेळी बर्फाच्या फ्लास्कवरून. मागची मुलं आता लिहून घेत होती. बाबा खाली बसले आणि रुमालाने मान पुसत राहिले. त्यांनी मला कोपराने हळूच ढोसलं. मी उठले.  मी फळ्यावरच्या रेषेचं सांगितलं आणि विचारलं, "ती कुठे संपते का?"

बाई माझ्याकडे दोन पावलं पुढे आल्या. मग म्हणाल्या, "माहीत नाही."

मला ऐकताना असं वाटलं की हा आवाज मी आधी ऐकलाय. तोच सूर, तीच शांतता. पुढे त्या म्हणाल्या की आपल्याला दिसतं त्याला हद्द आहे, कारण प्रकाशाला पोचायला वेळ लागतो आणि ज्याला अजून वेळच मिळालेला नाही तो प्रकाश आपल्यापर्यंत आलेला नाही. त्या हद्दीपलीकडे विश्व असंच पुढे आहे असं मानायला कारणं आहेत. किती पुढे, कायम की कुठेतरी वळून परत, ते अजून कोणाला सांगता आलेलं नाही. "तू शिक," असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "रेषा तू छान पकडलीस."

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले होते. कोपरीला माझा मामा राहायचा, एरवी ठाण्याला येऊन त्याच्याकडे चहा न घेता गेलो असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. दुर्गाडीचा पूल ओलांडल्यावर बाबा म्हणाले, "त्यांनाही माहीत नाही, ते एक बरं झालं."

"का?"

"मला वाटत होतं, माझं शिक्षण कमी म्हणून मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी आई रविवारच्या राहिलेल्या पापड्या तळत होती आणि मी शेजारी उभी होते. सुपारीएवढ्या दिसणाऱ्या त्या पापडीत जिरे घातलेले असायचे. तेलात टाकली की ती बघता बघता तळहाताएवढी व्हायची. मी कितीतरी रविवार ते बघितलं होतं, पण त्या दिवशी मला जिरे दिसले. पापडी फुलत होती तसा जिऱ्याचा प्रत्येक दाणा बाकीच्या सगळ्या दाण्यांपासून लांब जात होता. कुठल्याही दाण्यावर बसून बघितलं असतं तर वाटलं असतं की मीच मधोमध आहे आणि बाकीचे पळतायत. मी आईला ते दाखवलं. विश्वाची सुरुवात अशी एका जागी नव्हतीच, सगळी पापडीच सुरुवात होती, असं काहीतरी मी घाईघाईने सांगत गेले. आई झारा हातात धरून ऐकत होती. "पापडी जळेल," ती म्हणाली. पण पुढची तेलात सोडल्यावर ती वाकून जिऱ्यांकडे बघत राहिली, हे मी बघितलं. पुढे तीसेक वर्षं मी कॉलेजात फिजिक्स शिकवलं. विश्वाच्या प्रसरणाचा धडा आला की घरून कच्ची पापडी आणि स्टोव्ह घेऊन जायचे. शिपाई हसायचा. मुलं मात्र कधी हसली नाहीत, कारण पापडी शेवटी त्यांनाच मिळायची.

बाबांनी गुरुजींना गाठलं. "गुरुजी, येत्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटं द्याल का?" गुरुजी म्हणाले, विहार तुमचाच आहे. रविवारी सकाळी बाबांनी दुरुस्त झालेला एक सेट, मालकाला विचारून, चादरीत गुंडाळला, सायकलच्या कॅरिअरवर बांधला, आणि एका हाताने हँडल, एका हाताने सेट धरत विहारापर्यंत चालत नेला. मी मागून आधार देत होते. आईला वाटत होतं लोक हसतील. तिने तसं सांगितलंही. तरी ती आली आणि बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली.

वंदना झाली. बाबांनी सेट ओट्यावर ठेवला, शेजारच्या घरातून वायर ओढली आणि चॅनेलचं बटण जिथे काही लागत नाही तिथे फिरवलं. मुंग्या आल्या. खरखर विहारभर झाली. बाबांना भाषण करता यायचं नाही. दोन-तीनदा घसा साफ करून ते म्हणाले, "या शंभरातल्या नव्व्याण्णव या सेटच्या आहेत, आजूबाजूच्या मोटारींच्या आहेत, सूर्याच्या आहेत. ते मी रोज बघतो. एखादी जी आहे ती विश्वाच्या सुरुवातीची आहे. कुठली ते मला दाखवता येणार नाही. कोणालाच येणार नाही. पण ती आहे, हे मोजलेलं आहे." आणि मग बर्फाच्या फ्लास्कचं सांगितलं. ते सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलला, कारण ते त्यांचं स्वतःचं होतं. नंतर ते बाजूला झाले आणि आम्ही सगळे, चाळीस-पन्नास माणसं, कारखान्यातले, दवाखान्यातले, भाजी विकणारे, मांडी घालून टीव्हीच्या मुंग्या बघत बसलो.  लहान मुलंसुद्धा. मी पुढे मोठमोठ्या परिषदांना श्रोती म्हणून गेले, पण इतक्या नीट ऐकणारी सभा मला पुन्हा दिसली नाही.

गुरुजींनी चष्मा काढून डोळे मिटले होते. डोळे न उघडताच म्हणाले, "म्हणजे ही त्या वेळची ऊब."

"हो गुरुजी. थंड होत आलेली."

"आणि हे आपल्या वस्तीतही येतं."

"सगळीकडे सारखंच येतं. कुठेही वळवा, तेवढंच."

गुरुजींनी मान हलवली. ती का हलवली हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं असावं, कारण आमच्यापैकी बहुतेकांनी अशा जागा बघितल्या होत्या जिथे सगळ्यांना सारखं मिळत नाही.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. विहारात ती कधी बोलली नव्हती.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "दवाखान्यात मूल होतं तेव्हा आम्ही म्हणतो आत्ता जन्मलं. पण त्याआधी नऊ महिने ते असतंच. या तुमच्या सुरुवातीच्या आधी काय होतं?"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटतं लग्नाच्या दिवसानंतर त्यांनी तिच्याकडे इतकं नीट त्याच दिवशी बघितलं असेल. "माहीत नाही," ते म्हणाले.

"त्या मॅडमना?"

"त्यांनाही नाही."

"कोणालाच नाही?"

"अजून नाही."

गुरुजी म्हणाले, "म्हणून तथागत गप्प बसले." त्यांच्या बोलण्यात या वेळी टोचणी नव्हती. बाबांनी हात जोडले. "हो गुरुजी. त्यांना कळत होतं कशासाठी गप्प बसायचं ते. आमची सुजा अजून लहान आहे. तिला थोडं विचारू द्या." एवढं बोलून त्यांनी सेट बंद केला, आणि पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहून हळूहळू विझला.

पुढचे चार-पाच दिवस आईचं रोजचं चालू होतं. ड्यूटीवर जायची, यायची, भाकऱ्या थापायची. निकाल लागला त्या संध्याकाळी ती एकटीच गुरुजींच्या घरी गेली. काय बोलणं झालं ते तिने कधी सांगितलं नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात डी.एड.चा तो फॉर्म होता, अर्धा भरलेला, गुरुजींच्या वळणदार अक्षरातला. तिने तो फाडला नाही. घडी घालून कपाटात रेशनकार्डाखाली ठेवला. आणि त्यावर गुरुजींनी पाठवलेले पेढे ठेवले.

कल्याणच्या कॉलेजात बी.एस्सी.चा प्रवेश घ्यायला तीच माझ्याबरोबर आली. बाबांची पहिली पाळी होती. तिने दवाखान्यात सुट्टी टाकली, ठेवणीतली जांभळी साडी नेसली, आणि पिशवीत माझ्या गुणपत्रिका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेतल्या. खिडकीवरच्या कारकुनाने गुणपत्रिका वर-खाली बघितली, मग मला नाही, आईला विचारलं, "एवढे मार्क आहेत, डी.एड.ला का नाही घालत? बी.एस्सी. करून पुढे काय?"

आई म्हणाली, "पुढचं अजून कोणाला माहीत नाही, साहेब. तुम्ही शिक्का मारा."

त्याने शिक्का मारला. आम्ही बाहेर आलो, उन्हात रस्ता ओलांडला आणि स्टँडच्या दिशेने चालू लागलो. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "पहिल्या वर्षाला सांगतात का ते? आधी काय होतं ते?"

"नाही गं आई. पहिल्या वर्षाला नाही."

"मग कितव्या वर्षाला?"

 तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सांगतील तेव्हा मला सांग," ती म्हणाली, आणि भराभर पुढे चालू लागली, कारण आमची गाडी लागली होती.